हलका नको, एकसारखा हवा

परभणीसारख्या जिल्ह्यात रायफल नेमबाजी शिकवण्याचे काम करताना जो प्रश्न मला सर्वांत जास्त ऐकावा लागतो तो नेम कसा धरावा याविषयी नसतो, ट्रिगर कोणता बसवावा याविषयी असतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. शेतीवाडीच्या गावातला मुलगा ऑलिंपिकच्या पोडियमवर उभा राहू शकतो हे महाराष्ट्राने पाहिले, आणि जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णेकडचे पालकही मुलांचा हात धरून चौकशीला येऊ लागले. ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्यातले बरेच जण येताना मोबाइलवर पाहिलेली एक पक्की समजूत बरोबर आणतात: चांगला नेमबाज व्हायचे तर स्पर्धेसाठी बनवलेला मॅच ट्रिगर हवा, आणि मॅच ट्रिगर म्हणजे जितका हलका तितका उत्तम. या समजुतीतला पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसऱ्या अर्ध्या भागाने मात्र मुलांचे नुकसान होते. ट्रिगर निवडताना हलकेपणाला दुय्यम स्थान द्यावे आणि एकसारखेपणाला पहिले, असे माझे मत आहे. हे मत कशावर उभे आहे ते इथे सविस्तर मांडतो.

आधी ट्रिगरवर नेमके किती अवलंबून असते ते पाहू. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ केवळ अर्धा मिलिमीटर व्यासाचे असते आणि तिथून बाहेर प्रत्येक गुणाची कडी अडीच मिलिमीटरची. रायफलच्या पुढच्या साइटपासून मागच्या पीप साइटपर्यंतचे अंतर साधारण ऐंशी सेंटिमीटर धरले, तर नळीचे तोंड मागच्या साइटच्या तुलनेत ०.२ मिलिमीटर हलले की दहा मीटरवर अडीच मिलिमीटरचा, म्हणजे पूर्ण एका गुणाचा फरक पडतो. आता स्पर्धा दशांश गुणांवर खेळली जाते, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ मिळतात, आणि ७५ मिनिटांत अशा साठ गोळ्या झाडायच्या असतात. श्वास रोखून, शरीर स्थिर करून, साइट जुळवून आणलेली ही सगळी मेहनत शेवटच्या क्षणी एका बोटाच्या हवाली होते. ते बोट नळीला केसाच्या दोनतीन जाडींइतका जरी धक्का देऊन गेले तरी आधीचे सर्व वाया. त्यामुळे ट्रिगरची चिंता करणारा पालक मूर्ख नसतो. तो योग्य जागीच बोट ठेवत असतो. त्या जागेवर काय शोधायचे, एवढेच त्याला कोणी नीट सांगितलेले नसते.

ट्रिगरच्या आतली रचना साधी आहे. ताणलेल्या स्प्रिंगच्या जोरावर पुढे झेपावू पाहणारा हॅमर किंवा स्ट्रायकर एका लहानशा पोलादी कडेने रोखून धरलेला असतो. या कडेला सिअर म्हणतात. बोटाच्या दाबाने सिअर सरकतो, पकड सुटते आणि गोळी उडते. नेमबाजाला यात चार गोष्टी जाणवतात. किती दाबावर पकड सुटते ते झाले वजन. सुटण्याआधी सिअर घासत किती सरकतो ती झाली चाल. सुटण्याचा क्षण काचेसारखा स्वच्छ आहे की रबरासारखा लिबलिबित, हा झाला तुटाव. आणि गोळी सुटल्यावर ट्रिगर मागे किती रिकामा जातो ती झाली उरलेली चाल. शिवाय रचना एक टप्प्याची असते किंवा दोन टप्प्यांची. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये पहिला दाब मोकळी चाल संपवतो, बोट दुसऱ्या दाबाच्या उंबरठ्यावर येऊन थांबते, आणि इथून पुढे गोळी आहे हे बोटाला नेमके कळते. बाजारात या चारपाच गुणांपैकी फक्त वजनाचा आकडा ठळक छापला जातो, कारण तो मोजायला सोपा आणि विकायलाही सोपा. बाकीचे गुण बोटाने अनुभवावे लागतात.

हलकेपणाच्या बाजूने जे खरे आहे ते आधी मान्य करतो. साडेचार किलोच्या रायफलवर दोन किलोचा दाब लागत असेल, तर बोट शस्त्राच्या वजनाच्या जवळजवळ निम्म्या जोराने त्याला मागे ओढत असते. हा जोर थोडा जरी तिरका गेला तरी नळी बाजूला झुकते. मॅच एअर रायफलचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते आणि तिचा ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहूनही खाली लावता येतो. तिथे बोटाचा जोर शस्त्राच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या घरात येतो. साहजिकच तिरकेपणाची शिक्षा कमी होते. पण हाच हिशोब पुढे नेला की त्याची मर्यादाही दिसते. दोन किलोवरून पाचशे ग्रॅमवर आल्याने दीड किलोची सुटका झाली. पाचशेवरून शंभरवर आल्याने चारशे ग्रॅमची. शंभरवरून साठवर आल्याने मिळाले अवघे चाळीस ग्रॅम. या शेवटच्या चाळीस ग्रॅमसाठी जी किंमत मोजावी लागते ती सर्वांत मोठी असते, कारण इतक्या हलक्या ट्रिगरवर बोट ठेवल्याची जाणीव होण्याआधीच गोळी निघून जाते. अनुभवी नेमबाजाचे बोट ही जाणीव वर्षानुवर्षांच्या सरावातून कमावते. नवशिक्याच्या बोटात ती नसते. तो मग ट्रिगरला हात लावायलाच घाबरतो, बोट हवेत अधांतरी ठेवतो आणि साइट जुळल्यासारखी वाटली की एकदम टोचतो. शिकवण्याच्या कामात मोडायला सर्वांत कठीण जाणारी सवय हीच आहे.

जड ट्रिगरने अचूक नेमबाजी होऊच शकत नाही, या दाव्याला उत्तर नियमपुस्तकातच आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत एअर रायफलच्या ट्रिगरला किमान वजनाची अट नाही, पण पिस्तुलाला आहे. दहा मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा आणि पिस्तुलाचे कमाल वजन १५०० ग्रॅम. म्हणजे शस्त्राच्या वजनाच्या एक तृतीयांश दाब, तोही एका हाताने धरलेल्या शस्त्रावर. याच अटीत मनू भाकरने पॅरिसमध्ये पात्रता फेरीत ६०० पैकी ५८० गुण केले आणि पदक मिळवले. पंचवीस मीटर पिस्तुलाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ते सेमी-ऑटोमॅटिक असते, कमाल वजन १४०० ग्रॅम, आणि ट्रिगर किमान १००० ग्रॅम. शस्त्राच्या वजनाच्या दोन तृतीयांशांहून जास्त दाब देऊन, तोही घड्याळाच्या धाकात, कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, आणि त्या स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. पिस्तुलाचे टार्गेट मोठे असते हा आक्षेप बरोबर आहे, म्हणून दोन्ही प्रकारांचे गुण शेजारी ठेवून तुलना मी करत नाही. माझा मुद्दा इतकाच की वजन हा अडथळा असता तर या प्रकारांत कोणी साडेनऊच्या वर सरासरी राखू शकले नसते. ते राखतात, कारण त्यांचा ट्रिगर जड असला तरी पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत त्याच जागी, त्याच दाबाला सुटतो, आणि त्यांचे बोट दर वेळी त्याच सरळ रेषेत मागे येते.

मोबाइलवर दिसणारे बहुतेक मॅच ट्रिगर अमेरिकेतल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींसाठी बनलेले असतात. त्यांचाही खरा धडा हलकेपणाचा नाही. बोल्ट हाताने ओढायच्या रायफलीत गोळी सुटल्यावर सगळे शांत असते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये मात्र बोल्ट स्वतःच मागे जातो आणि पुढची गोळी घेऊन जोरात आदळतो, आणि हे घडताना नेमबाजाचे बोट बहुधा ट्रिगरवर दाबलेलेच असते. त्या क्षणी हॅमरला दुसरा एक अडसर पकडून ठेवतो आणि बोट सैल झाल्यावरच तो पुन्हा सिअरच्या ताब्यात देतो. इतक्या हादऱ्यांत ही पकड टिकायची तर सिअरला पुरेशी जागा आणि पुरेसा ताण हवा. पकड नावापुरती ठेवून ट्रिगर हलका केला की एका दाबात दोन गोळ्या सुटण्याचा धोका उभा राहतो. अमेरिकेतल्या सर्व्हिस रायफल स्पर्धांत तर ट्रिगरने साडेचार पौंड, म्हणजे दोन किलोंहून थोडे जास्त वजन उचललेच पाहिजे अशी अट आहे. तिथले नावाजलेले दोन टप्प्यांचे ट्रिगर हे वजन घटवत नाहीत, वाटून घेतात: मोठा हिस्सा पहिल्या दाबात संपतो, आणि उरलेला लहान, स्वच्छ दाब गोळी सोडतो. एकूण भार तोच राहतो, निर्णायक क्षणी बोटाला तो कमी वाटतो. हलकेपणाचा जो काही फायदा आहे तो सुरक्षितता न गमावता असा मिळवता येतो, आणि परदेशी अनुभवातून आपण उचलण्यासारखी गोष्ट हीच आहे.

आपल्याकडे या विषयाला कायद्याची बाजूही आहे, आणि ती पालकांना स्पष्ट सांगणे मी माझ्या कामाचा भाग मानतो. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये प्रतिबंधित शस्त्राची जी व्याख्या आहे तिचा एक आधार ट्रिगर आहे: ट्रिगर दाबून धरला असता जे शस्त्र दाब काढेपर्यंत किंवा मॅगझीन संपेपर्यंत गोळ्या झाडत राहते, ते प्रतिबंधित. एका दाबाला एकच गोळी, ही यंत्राची खूबी तर आहेच, शिवाय ती कायद्याने आखलेली रेषाही आहे. इशापूरला बनलेली ७.६२ची एसएलआर ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल आपल्या लष्कराने आणि पोलिसांनी वर्षानुवर्षे वापरली, पण ती सरकारी शस्त्र म्हणून. तिच्यात खासगी सुधारणा करण्याचा प्रश्नच येत नाही. शाळकरी नेमबाजाचे शस्त्र म्हणजे ४.५ मिलिमीटरची एअर रायफल, आणि एनसीसीतल्या मुलांच्या हाती येते ती पॉइंट टू टू. परवान्याच्या कोणत्याही शस्त्राचा ट्रिगर उघडणे हे परवानाधारक कारागिराचेच काम आहे. एअर रायफलला परवान्याची अट सौम्य असली तरी नियम तोच पाळावा. शेजारच्या वर्कशॉपमध्ये सिअर घासून आणलेली रायफल मी सरावाला उभी करत नाही, कारण पोलादाचा कडक केलेला वरचा थर एकदा घासला गेला की ती पकड कधी सुटेल याची हमी कोणालाच देता येत नाही.

आता आपल्या जिल्ह्याविषयी. युरोपातल्या उत्तम कारखान्यांत बनलेला ट्रिगर तिथल्या वातानुकूलित रेंजवर जसा चालतो तसाच परभणीत चालेल, हे गृहीत धरणे चूक आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या बराच वर जातो, तर डिसेंबर २०१८ मध्ये वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात तो २ अंशांच्या आसपास उतरला होता. एकाच वर्षात इतका चढउतार सोसणाऱ्या यंत्रात थंडीत तेल घट्ट होते आणि उन्हाळ्यात पातळ होऊन पसरते. पसरलेल्या तेलावर काळ्या मातीची बारीक धूळ बसते, आणि ती नेमकी सिअरच्या कडेवर साचते. सिअरची पकड जितकी कमी, तितका या धुळीचा आणि तेलाचा परिणाम जास्त. दीडशे ग्रॅमच्या ट्रिगरमध्ये दहा ग्रॅमचा फरक बोटाला क्वचितच कळतो. पन्नास ग्रॅमच्या ट्रिगरमध्ये तेवढाच फरक पाचव्या हिश्शाचा असतो, आणि तो प्रत्येक गोळीत कळतो. त्यात थंडीच्या सकाळी बोटाची संवेदना आधीच बोथट झालेली असते. शिवाय मॅच रायफलचे सुटे भाग आणि ते जाणणारा माणूस यांसाठी आपल्याला पुणे-मुंबईकडे पाहावे लागते. म्हणून आपल्या मुलांसाठी असा ट्रिगर निवडावा जो थोडी धूळ आणि थोडी थंडी सोसून तसाच वागेल, जो साफ करणे सोपे असेल, आणि ज्याचे स्क्रू रोज फिरवावेसे वाटणार नाहीत.

यावर काही आक्षेप येतात आणि ते विचारपूर्वक घेतले जातात. पहिला असा की बारातेरा वर्षांच्या मुलीचे बोट नाजूक असते, तिला हलकाच ट्रिगर द्यायला हवा. बोटाच्या ताकदीचा हा प्रश्न मला पटत नाही. कापूस वेचणाऱ्या घरातल्या मुलींच्या बोटांना दोनशे ग्रॅम जड जात नाहीत, आणि शहरातल्या मुलींच्याही नाहीत. त्यांची खरी अडचण अंतराची असते. मोठ्या माणसाच्या हातासाठी लावलेला ट्रिगर त्यांच्या बोटाच्या पहिल्या पेराला सरळ पोचत नाही. मग बोट ताणले जाते, बाजूने दाबते आणि रायफल वळते. जवळजवळ प्रत्येक मॅच रायफलीत ट्रिगरचे पाते मागेपुढे सरकवता येते. ते जागेवर आणले की ज्याला आपण जडपणा म्हणत होतो त्यातला मोठा भाग नाहीसा होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: संस्थेच्या जुन्या, अनेकांच्या हाताखालून गेलेल्या रायफलीचा ट्रिगर खरोखरच वाईट असतो, मग तो न बदलणे हा मुलावर अन्याय नाही का? आहे. तिथे बदल हवाच. पण ट्रिगर वाईट आहे हे ठरवायचे कसे? वजनकाट्याने तोच दाब पुन्हा पुन्हा मोजावा. आकडा दर वेळी जवळपास तोच येत असेल तर ट्रिगर जड असला तरी प्रामाणिक आहे, आणि त्यावर शिकता येते. आकडा एकदा दोनशे, एकदा तीनशे, पुन्हा अडीचशे असा भटकत असेल तर तो ट्रिगर बोटाला काहीच शिकवू शकत नाही. तो काढून टाकावा, मग त्याची सरासरी कितीही हलकी असो.

तिसरा आक्षेप असा: जगज्जेते ज्या साधनाने खेळतात तेच सुरुवातीपासून दिले तर मूल लवकर पोचेल, नाही तर वर्षे वाया जातील. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवले, रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोत दहा मीटर एअर रायफलमध्ये. त्यांच्यासारख्यांच्या साधनांचा दर्जा निःसंशय उच्च असतो. पण साधन आणि सवय यांचा क्रम उलटा करता येत नाही. तयार नेमबाजाचे बोट दाब देत असताना डोळा साइटवरच असतो, गोळी गेल्यावरही तो क्षणभर तिथेच थांबतो, आणि गोळी कुठे लागली हे त्याला स्क्रीन पाहण्याआधी कळलेले असते. एअर रायफलची गोळी, म्हणजे पेलेट, नळीतून सुटून टार्गेटला पोचायला जेमतेम ०.०६ सेकंद घेते, पण ते नळीत असतानाच रायफल हलली तर चूक लिहिली गेलेली असते. म्हणून गोळीनंतरही तसेच थांबणे, म्हणजे फॉलो थ्रू, हा अंगात मुरावा लागतो, आणि तो मुरतो ड्राय फायरमध्ये, गोळीविना केलेल्या शेकडो दाबांमध्ये. या सरावाला पैसे लागत नाहीत, वीज लागत नाही, पुण्याला जावे लागत नाही. दोन टप्प्यांचा, मध्यम वजनाचा, स्वच्छ ट्रिगर या सरावात बोटाशी बोलतो: पहिला दाब संपला, आता थांब, आता पुढे. अतिहलका ट्रिगर हे बोलणेच बंद करतो. वर्षे वाया जातात ती अशा ट्रिगरवर लागलेली टोचण्याची सवय मोडण्यात.

पैशांचा विचारही टाळता येत नाही. कापूस आणि सोयाबीनच्या भावावर ज्या घराचे वर्ष ठरते, त्या घराने मुलाच्या खेळासाठी काढलेला प्रत्येक रुपया जपून वापरला गेला पाहिजे. परदेशी ट्रिगरच्या पैशांत किती पेलेट येतात, किती राज्य स्पर्धांचा प्रवास होतो, नीट बसणारे शूटिंग जॅकेट येते का, याचा हिशोब पालकांसमोर मांडणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्य आहे. एकाच लॉटचे, त्या नळीला मानवणारे पेलेट घेतले तर ग्रुपिंग किती घट्ट होते, ते एका सकाळी टार्गेटवर दिसते. ट्रिगर बदलून तितकाच फरक पडेल, असे नवशिक्याच्या बाबतीत मी म्हणू शकत नाही.

तेव्हा निवड करायची असेल तर माझ्या मते क्रम असा असावा. आधी नियम पाहावा: ज्या प्रकारात खेळायचे तिथे किमान वजन किती, आणि शस्त्राच्या जातीला किती पकड आवश्यक आहे. मग पात्याचे अंतर हाताला जुळवावे. मग काट्यावर एकसारखेपणा तपासावा, थंडीत एकदा आणि उन्हाळ्यात एकदा. मग टप्पे पाहावेत, आणि शिकणाऱ्यासाठी दोन टप्प्यांचाच ट्रिगर घ्यावा. हे सर्व जुळल्यावर, आणि नेमबाज डोळे न हलवता आपली गोळी कुठे गेली ते सांगू लागल्यावर, वजन थोडेथोडे खाली आणावे. जिथे त्याला दाब जाणवेनासा होतो तिथून एक पायरी मागे यावे आणि तिथेच थांबावे. या रीतीने निवडलेला ट्रिगर जाहिरातीतला सर्वांत हलका नसेल, कदाचित नवा विकत घेण्याची वेळही येणार नाही. पण स्पर्धेच्या साठाव्या गोळीला तो पहिल्या गोळीसारखाच वागेल. गुणफलक तेवढेच मागतो, आणि परभणीचा मुलगा किंवा मुलगी जगातल्या कोणाही नेमबाजाच्या बरोबरीने ते देऊ शकते.